शेंदूर लावून बघणं

आमची पद्मिनी पन्नासच्या पुढे काटा गेला की गुणगुणायला लागायची. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सूर चढायचा, पाय काढला की उतरायचा. मागच्या सीटखाली कुणीतरी तंबोरा जुळवत बसलंय असं वाटायचं. बाबांना तो ऐकूच यायचा नाही. रोज कणाकणाने वाढलेला आवाज रोज ऐकणाऱ्याला ऐकू येत नाही, त्यातलं. शिवाय गाडीचं काम ते काय? रविवारी सकाळी नॅशनल पार्कच्या गेटपर्यंत, येताना बाभई नाक्यावर भाजी, मग पुन्हा कंपाउंडमध्ये कव्हरखाली. एकदा मी तिला हायवेला विरारच्या पुढे नेली आणि परत येताना ठरवलं, हे दाखवायलाच हवं.

पहिल्या गॅरेजवाल्याने गाडी उचललीसुद्धा नाही. शंभर मीटर चालवून आणली आणि म्हणाला, "डिफरन्शियल बोलतोय. नव्वदच्या जागी एकशेचाळीस नंबरचं ऑइल टाकतो, दोन वर्षं आवाज यायचा नाही." जाड ऑइल म्हणजे दातांमध्ये गादी. झीज तेवढीच राहते, फक्त ऐकू येत नाही. ही युक्ती तशी सभ्य म्हणायची. गाडी विकायच्या आधी गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा घालायचा प्रकार जगभर प्रसिद्ध आहे. रोआल्ड डालच्या 'मटिल्डा'मध्ये (१९८८) मटिल्डाचा बाप हाच उद्योग करतो आणि वर मुलांना तो समजावूनही सांगतो. लहानपणी वाचताना मला ते फार विनोदी वाटलं होतं.

दुसरा मिस्त्री दहिसरच्या बाजूला एका गल्लीत होता. साठीच्या आसपासचा, उमेदवारी कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये केलेला. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली ही कंपनी, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी फियाट आणि सत्तरच्या दशकापासून 'पद्मिनी' नावाने तीच गाडी बनत असे. आज त्या जागेवर कोहिनूर सिटी आहे. काकांनी गाडी स्वतः चालवली, मला शेजारी बसवलं आणि रस्ताभर ऐकवत राहिले. "अ‍ॅक्सिलरेटरवर वाजतोय, सोडल्यावर कमी होतोय. वळताना बदलत नाही, म्हणजे आतले छोटे गिअर ठीक आहेत. क्राऊन-पिनियन गेलंय. बेअरिंगपण गेली असणार, ती काढल्यावर कळेल." मग खर्च सांगितला. तो गाडीच्या किमतीच्या मानाने हास्यास्पद होता. बाबा म्हणाले, करा.

मी तेव्हा घरून काम करत होतो. चार दिवस लॅपटॉप घेऊन त्यांच्या गॅरेजमध्ये बसलो, अर्धं काम आणि अर्धी हौस. त्यातल्या तिसऱ्या दिवशी दुपारी जे घडलं ते लिहायचं आहे. पण त्याआधी ही वस्तू काय असते ते थोडं सांगावं लागेल, कारण आता रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या गाड्यांची पुढची चाकं ओढतात आणि त्यांचं डिफरन्शियल गिअरबॉक्समध्येच दडलेलं असतं.

*

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त चालावं लागतं. किती जास्त? मागच्या दोन चाकांमध्ये सव्वा मीटर अंतर धरा आणि फ्लायओव्हरखालून एक यू-टर्न घ्या. बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळपास चार मीटर जास्त चाललेलं असतं. दोन्ही चाकं एकाच कडक दांड्याला जोडली असती तर वळताना एक तरी घसटत गेलं असतं. म्हणून दांडा मधोमध तोडतात आणि तिथे असे गिअर बसवतात की जोर दोघांनाही मिळतो, पण वेग दोघांचा वेगळा राहू शकतो. फ्रान्समध्ये ओनेसिफोर पेकर या माणसाने १८२०च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी ही जोडणी केली. आजही तत्त्व तेच आहे.

इंजिनाचा जोर गाडीच्या लांबीने मागे येतो आणि चाकांकडे जायला त्याला काटकोनात वळावं लागतं. ते वळण दोन गिअर करतात: एक लहान, पिनियन, एक ताटलीएवढा, क्राऊन. दोघांचे दात वाकडे, एकमेकांवर थोडे घसरत फिरणारे. कारखान्यात ही जोडी एकमेकांवर घासून जुळवतात आणि दोघांवर एकच नंबर टाकतात. म्हणून एक बदलायचा तर दुसराही बदलायचा. दातांची संख्याही विचार करून ठरवलेली असते. समजा, पिनियनला १० दात आणि क्राऊनला ४३. दोघांचा सामाईक विभाजक नाही, त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताला कधी ना कधी भेटतो, आणि तीच भेट पुन्हा व्हायला पिनियनला ४३ फेऱ्या माराव्या लागतात. एका दातावर खोट असेल तर तिचा भार एकाच जोडीदारावर पडत नाही, सगळ्यांत वाटला जातो. मला हे कळलं तेव्हा मी उगाचच खूश झालो होतो. काकांनी मान हलवली, हे त्यांना माहीतच होतं.

आता खरं काम. ते चार गोष्टी जुळवण्याचं असतं. पिनियन किती आत शिरलंय. पिनियनची बेअरिंगं किती आवळलीत. क्राऊनच्या दोन्ही बाजूंची बेअरिंगं किती आवळलीत. आणि दातादातांत मोकळीक किती आहे.

बेअरिंगं इथे टेपर रोलरची असतात, निमुळत्या रोलरांची. बग्ग्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेनने १८९८ साली पेटंट घेतलेली. त्यांचं वैशिष्ट्य असं की ती नुसती सैल नाहीत एवढं पुरत नाही, 'ढिलाई शून्य' झाल्यावरही आणखी थोडी आवळावी लागतात. कारण जोर आला की पिनियन मागे रेटलं जातं, आणि बेअरिंगला आधीच ताण नसेल तर ते जागचं हलतं. पण जास्त आवळलं तर तापतं आणि जळतं. किती आवळलं ते मोजायला काका पिनियनच्या फ्लॅंजला दोरी गुंडाळून ती स्प्रिंगच्या काट्याने ओढत होते, मासळीवाल्याच्या काट्यासारख्याच. फिरत राहायला किती जोर लागतो, तो आकडा. काही गाड्यांत या दोन बेअरिंगांच्या मध्ये एक चिरडणारी नळी असते: नट आवळला की ती दबते. तिथे नट चुकून जास्त आवळला गेला तर तो उलटा फिरवून भागत नाही. नळी दबलेली ती दबलेलीच. नवीन टाकायची आणि पहिल्यापासून सुरू करायचं.

दातांतली मोकळीक मात्र शून्य चालत नाही. तेलाला जागा हवी, तापल्यावर धातूला फुगायला जागा हवी. अशा गाड्यांत ती साधारण ०.१० ते ०.२० मिलिमीटर ठेवतात, म्हणजे एक-दोन केस. ही डायल गेजने मोजायची. आणि पिनियन किती आत हे ठरवणाऱ्या पातळ पोलादी चकत्या असतात, शिम, त्या पाच शतांश मिलिमीटरच्या पायरीने मिळतात. केसाहून पातळ पायरी. गंमत अशी की चारांपैकी एक गोष्ट हलवली की उरलेल्या हलतात. पिनियन बाहेर घेतलं की मोकळीक वाढते. मग क्राऊन सरकवायचा. क्राऊन सरकवला की त्याच्या बेअरिंगांचा ताण बदलतो.

आणि हे सगळे आकडे बरोबर येऊनही जोडी चुकीची बसलेली असू शकते.

*

ते कळतं शेंदराने. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. बाजारात आता यासाठी तयार पेस्ट मिळते, पण काका डबीच्या झाकणात शेंदूर आणि तेल कालवत, जुन्या टूथब्रशने क्राऊनच्या सहा-आठ दातांना लावत. (आणि हात साबणाने धुतल्याशिवाय मला चहाच्या ग्लासला हात लावू देत नसत.) मग एका हाताने क्राऊन दाबून धरायचा, म्हणजे थोडा भार येईल, आणि दुसऱ्या हाताने पिनियन फिरवायचं, पुढे आणि मागे. दात जिथे टेकतो तिथला शेंदूर सरतो आणि धातूचा एक लांबट डाग उघडा पडतो. तो डाग दाताच्या मध्याजवळ हवा. टोकाकडे गेला तर पिनियन दूर आहे. मुळाकडे गेला तर जास्त आत आहे. दाताच्या आतल्या किंवा बाहेरच्या कडेला गेला तर क्राऊन सरकवायला हवा.

देवळात शेंदूर चढवला की दगडाचे बारकावे झाकले जातात. इथे त्याच शेंदराने काही झाकायचं नव्हतं.

तर तिसऱ्या दिवसाची दुपार. सकाळभर काकांनी डमी बेअरिंगवर काम केलं होतं. ही त्यांची स्वतःची युक्ती. तशी बऱ्याच मिस्त्रींची असते. पिनियनवर बेअरिंग घट्ट दाबून बसवावं लागतं, काढायला पुलर लागतो, आणि काढताना नवं बेअरिंग बिघडू शकतं. म्हणून एक जुनं बेअरिंग आतून घासून सैल केलेलं असतं. ते हाताने निघतं. शिम बदलून बदलून जोडी जुळवायची ती या डमीवर, आणि जुळली की खरं बेअरिंग दाबायचं. तसं झालं. डाग मध्यावर आला. खरं बेअरिंग दाबलं, सगळं परत जोडलं, दोरी ओढली, डायल लावला. आकडे बरोबर. मी घरी फोन करून सांगितलं, उद्या सकाळी गाडी मिळेल.

काकांनी पुन्हा शेंदूर लावला. डाग मुळाकडे सरकला होता. फार नाही. नव्या बेअरिंगची जाडी डमीपेक्षा किंचित वेगळी असणार. त्यांनी बॅटरीच्या उजेडात बराच वेळ बघितलं, मग मला बघायला लावलं.

मी म्हणालो, "चालेल की काका हे."

"चालेल तर. चालायला काय झालं? वर्ष-दोन वर्षं चालेल."

"आवाज?"

"आत्ता यायचा नाही."

आणि त्यांनी पाना उचलला. पुन्हा सगळं खोललं, पुलर लावला, बेअरिंग काढलं, एक शिम पाच शतांशाने पातळ टाकली, परत सगळं. साडेतीन तास गेले. बिलात ते तास नव्हते. ठरलेले पैसेच घेतले. मी विचारलं, कशासाठी? माझी गाडी महिन्याला शंभर किलोमीटरही चालत नाही. ते म्हणाले, "मी बघितलं ना आता."

*

हे वाक्य मी गेले कित्येक महिने उलटसुलट करून बघतोय.

कुणी बघत नसताना नीट वागायचं कशासाठी, हा फार जुना प्रश्न आहे. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये एका मेंढपाळाला अंगठी सापडते, ती फिरवली की तो अदृश्य होतो, आणि तो लगेच राणीला फितवून राजाला मारून राज्य घेतो. सांगणारा विचारतो: अशी अंगठी दोघांना मिळाली, एक सज्जन आणि एक दुर्जन, तर त्यांच्यात फरक राहील का? गॅरेजवाल्याकडे ही अंगठी जन्मापासून असते. हाउसिंगचं झाकण बंद झालं की आतलं कुणालाच दिसत नाही, आणि चुकीचं फळ यायला इतके दिवस लागतात की तोपर्यंत दोष कुणाचाही असू शकतो: तेलाचा, रस्त्याचा, ड्रायव्हरचा.

आपल्याकडे यावर एक तयार उत्तर आहे, फळाची आशा न धरता काम करावं. मला ते काकांना लागू पडेलसं वाटत नाही. फळाची आशा न धरता डिफरन्शियल बसतच नाही. दर दहा मिनिटांनी फळ काय आलं हे बघावं लागतं, आणि ते पसंत नसेल तर केलेलं मोडावं लागतं. निरिच्छ माणसाने पहिल्याच वेळी झाकण लावलं असतं.

मला वाटतं आपण प्रश्नच जरा चुकीच्या जागी उभा करतो. प्लेटोचा मेंढपाळ काय करतोय हे त्याला पक्कं माहीत आहे. पण मी ज्या वाईट कामांच्या जवळून गेलोय, त्यांतली बहुतेक अशा माणसांनी केली होती ज्यांना आपण वाईट काम करतोय हे माहीत नव्हतं, आणि माहीत होऊ नये याची त्यांनी आधीच तजवीज केली होती. ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी शेंदूर लावला नव्हता. आकडे बरोबर आले होते, डायलवर मोकळीक मापात होती, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं सगळं झालं होतं. शेवटचं बघणं तेवढं राहिलं. आणि ज्याने बघितलं नाही त्याला 'तू फसवलंस' असं कसं म्हणणार?

काकांसमोर डाग मुळाकडे सरकलेला दिसला त्या क्षणी दोनच वाटा उरल्या होत्या, खोलणं किंवा लपवणं. त्याआधी मात्र तिसरी वाट होती: दुसऱ्यांदा शेंदूर न लावणं. डमीवर जुळलं होतं, कुणीही तिथेच थांबलं असतं, आणि मनात काही टोचलंही नसतं. म्हणजे खरा निर्णय पाना उचलताना झाला नाही, ब्रश उचलताना झाला. पाना हा नुसता परिणाम. स्वतःला पकडता येईल अशी सोय त्यांनी स्वतःच करून ठेवली होती, आणि मग पकडले गेले.

*

मी हे इतकं ठासून लिहितोय कारण मला ती तिसरी वाट चांगली माहीत आहे.

मी घरपोच सामान पोचवणाऱ्या एका कंपनीत काम करतो. रायडर दुकानापाशी पोचला आणि सामान तयार नसेल तर त्याला थांबण्याचे पैसे मिळतात, मिनिटांवर. पूर्वी तो स्वतः बटण दाबून 'पोचलो' म्हणायचा. त्यात काही जण लांबूनच दाबतात अशी तक्रार होती, म्हणून आम्ही नियम बदलला: फोन दुकानाच्या ठरावीक अंतरात आला की घड्याळ आपोआप सुरू. हिशेब माझ्याकडे होता. टेस्ट झाल्या, पास झाल्या. गुरुवारी सोडायचं होतं.

एक तपासणी राहिली होती. जुन्या नियमाने आणि नव्या नियमाने त्याच फेऱ्यांचे पैसे काढायचे आणि कुणाचे कमी होतात ते बघायचं. अर्ध्या दिवसाचं काम. कुणी सांगितलं नव्हतं. मला सुचलं होतं, म्हणजे मला माहीत होतं की ते करायला हवं. आणि मी ते केलं नाही, कारण काहीतरी निघालं असतं तर गुरुवार गेला असता. मी कुणाशी काही खोटं बोललो नाही. मीटिंगमध्ये विचारलं, सगळं ठीक ना? मी म्हणालो, टेस्ट पास आहेत. शब्दन् शब्द खरा.

हे सगळं गॅरेजच्या आधीचं, दीड महिन्यापूर्वीचं. त्या साडेतीन तासांत, काका पुलर फिरवत असताना, मी मांडीवरच्या लॅपटॉपवर ती तपासणी चालवली. काही फार उदात्त वाटून नाही. शेजारी ते चाललेलं असताना दुसरं काही करणं जमेना. निघालं ते असं: मॉलच्या तळघरातून जिथे सामान उचलतात तिथे फोनला जागा नीट कळत नाही. घड्याळ उशिरा सुरू होतं, कधी होतच नाही. फेरीमागे चार रुपये, सहा रुपये. दिवसाला अशा पाच-सात फेऱ्या करणाऱ्याचे महिन्याचे किती होतात ते मी दोनदा काढलं. बोरीवलीतले रायडर त्यात होते. आमच्या गेटवर रोज दिसणारे.

*

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. हातकामाच्या नैतिकतेवर लिहिणारे बहुधा हातकाम न करणारे असतात. रॉबर्ट पर्सिगचं मोटरसायकलवालं पुस्तक (१९७४) असो की मॅथ्यू क्रॉफर्डचं 'शॉप क्लास अ‍ॅज सोलक्राफ्ट' (२००९), क्रॉफर्डने निदान स्वतःचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान चालवलंय. आपल्याकडे तर हाताला तेल कुणाच्या लागायचं हे जातीने ठरवून ठेवलं होतं, आणि ते तेल किती सुंदर आहे हे सांगायचं काम दुसऱ्यांनी घेतलं होतं. गोपाळ गुरू आणि सुंदर सरुक्काई यांच्या 'द क्रॅक्ड मिरर'मध्ये (२०१२) याच दुखण्यावर वाद आहे: अनुभव एकाचा आणि सिद्धांत दुसऱ्याचा, हे न्याय्य आहे का? माझ्या बाबतीत हिशेब साधा आहे. काकांचे साडेतीन तास गेले, त्यावर मला निबंध मिळाला. त्यांच्या सचोटीचे पैसे त्यांनीच भरले. 'बघा, असेही लोक आहेत' म्हणून टाळ्या वाजवताना ती सचोटी कुणाच्या खिशातून आली हे विचारायला हवं. मी नंतर त्या तासांचे पैसे द्यायला गेलो. त्यांनी अर्धे घेतले, थोडे रागावून.

शिवाय, नीट काम म्हणजे दरवेळी पूर्ण काम असं काकांचंही म्हणणं नव्हतं. ही गोष्ट त्यांनीच सांगितली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, म्हणून ऑक्टोबर २०२३ संपता संपता काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून गेल्या. त्याआधी काही महिने एक टॅक्सीवाला त्यांच्याकडे आला होता. गाडी भंगारात जायला आठ महिने उरलेले, डिफरन्शियल ओरडतंय, आणि गाडी उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडाली. त्याला नवी जोडी सांगणं म्हणजे सल्ला नव्हे, चेष्टा.

काकांनी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुन्या गाडीची जोडी आणली. आता जुन्या दातांची गंमत अशी की त्यांना मॅन्युअलचा डाग लागू होत नाही. ते एकमेकांवर झिजून बसलेले असतात, त्यांची जागा त्यांनी ठरवलेली असते. जबरदस्तीने मध्यावर आणायला गेलं तर उलट जास्त बोंबलतात. म्हणून डाग जिथे होता तिथेच ठेवला, बेअरिंगं तेवढी नवी टाकली, आणि टॅक्सीवाल्याला सांगितलं: आवाज राहणार. वाढला तर ये, नाही वाढला तर आठ महिने काढ. बिलावरही लिहून दिलं, 'आवाज राहील'.

"तिथे नाही खोललं पुन्हा?" मी विचारलं.

"खोलून काय करू? पण शेंदूर लावला होता."

म्हणजे त्यांच्यापुढे एकच मोजमाप नव्हतं. माझ्या बाबांना त्यांनी आवाज जाईल असं सांगितलं होतं. तिथे मुळाकडचा डाग म्हणजे मोडलेला शब्द होता, तो लगेच ऐकू येणार नसला तरी. टॅक्सीवाल्याला त्यांनी आवाज राहील असं सांगितलं होतं. दोन्हीकडे त्यांनी बघितलं होतं, आणि जे दिसलं ते एकतर दुरुस्त केलं किंवा ज्याच्या जिवावर ते चालायचं त्याला सांगितलं. किती अचूक असावं हे खिशावर, वेळेवर, उरलेल्या महिन्यांवर ठरू शकतं. बघावं की नाही हे नाही. निदान मला तसं वाटतं. यावर घासाघीस करायला जागा आहे. बघण्यालाही पैसे लागतात, आणि दिवसाला चाळीस गाड्या काढणाऱ्या ठिकाणी बघण्याची मिनिटं मालक ठरवतो, मिस्त्री नाही. माझा गुरुवार मी ठरवला नव्हता. पण अर्धा दिवस माझ्याकडे होता. तो मी वेबसिरीज बघण्यात घालवला, हेही आता लिहूनच टाकतो.

तपासणीचा निकाल मी त्याच संध्याकाळी पाठवला. पुढच्या आठवड्यात नियम दुरुस्त झाला, तळघरांसाठी बटण परत आलं. मधल्या दिवसांचे पैसे परत द्यायचे का, यावर अजून मेल चालू आहेत. मला एकाने खासगीत विचारलं, तू हे आधी का नाही बघितलंस? दुसऱ्याने विचारलं, तू हे आत्ता का बघितलंस? दुसऱ्या प्रश्नाला जास्त लोक होते.

*

हजार किलोमीटर झाल्यावर गाडी दाखवायला सांगितली होती. आमच्या वेगाने त्याला वर्ष लागलं असतं, म्हणून मी मुद्दाम बाबांना घेऊन नाशिकला जाऊन आलो, मग कोल्हापूरला. जव्हारलाही एक फेरी झाली. काकांनी मागचा बोल्ट खोलला, आत बोट घातलं, ते तेल पांढऱ्या कागदावर पुसलं आणि ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं. गंधकाचा तो उग्र वास. नव्या दातांची थोडी चमक तेलात उतरतेच. कण किती मोठे आहेत ते ते बघत होते. बोटं चोळून बघितली. पुन्हा एकदा बोट घातलं, पुन्हा कागद.

"ठीक आहे. पावसाळ्यानंतर एकदा आण."

परतताना लिंक रोडला गाडी शांत होती. बाबांनी काच वर केली, खाली केली, मान वाकडी करून ऐकलं.

"अरे," ते म्हणाले, "हे डाव्या बाजूला काय वाजतंय?"

दाराची कडी होती. बहुतेक दहा वर्षं वाजत असणार.